स्लोव्हेनियाची राजधानी

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार, सकाळची वेळ. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन क्विझची अंतिम फेरी. हजर: मंचावर चार संघ, प्रत्येकी दोघं. आमच्या टेबलावर मी आणि अनघा, अनघा कर्णधार. प्रश्न विचारायला मुंबईहून आलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत होते. गुण लिहायला फळ्याजवळ दोन मुली. सभागृहात आमच्या आणि इतर कॉलेजांची मुलं, काही प्राध्यापक, आणि पाचव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर माझी आई. पांढऱ्या साडीवर निळी फुलं, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. गैरहजर: पप्पा, कारण त्यांची पहिली पाळी होती. गैरहजर माणसांची नोंद करायची सवय मला नोकरीने लावली. मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात आहे. आमच्याकडे कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे आधी कळावं लागतं.

साल लिहीत नाही. साल लिहिलं की वाचणारे त्या सालात आणखी काय काय झालं ते आठवायला लागतात, आणि मला सांगायचं आहे ते त्यातलं काहीच नाही.

आम्ही खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे नळ आणि धुण्याचा दगड. सकाळी भोंगा झाला की पप्पांची सायकल निघायची आणि तिच्या मागोमाग शेजारच्या सगळ्या सायकली. दिवसभरात कधीतरी लांबवर चाचणीचा बार व्हायचा आणि फळीवरची स्टीलची ताटं एकमेकांना लागून किणकिणायची. नवीन पाहुणा असला तर दचकायचा. आई मशीनवरची नजरही न उचलता म्हणायची, "झालं त्यांचं." बाराच्या सुमाराला शिलाईचं मशीन थांबायचं, रॉकेलच्या स्टोव्हचा घूं घूं आवाज सुरू व्हायचा. दुपारी शाळेतून आले की दारातच वास यायचा, कधी सुकटीचा, कधी भाजलेल्या वांग्याचा, आणि महिनाअखेरीला नुसत्या लसणीच्या चटणीचा. पुढे क्विझमध्ये बझर वाजला की माझ्या बरोबरीच्या मुली दचकायच्या. मी कधी दचकले नाही. त्याचं श्रेय कारखान्याला द्यायला हवं.

घरात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, सामान्यज्ञानाचं. पप्पांच्या विभागातल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी रद्दी वाटून टाकली, तिच्यात ते आलं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे नावही नव्हतं. आम्ही त्याला 'साहेबाचं पुस्तक' म्हणायचो. आई गावाकडे सातवीपर्यंत मराठी शिकली होती. इंग्रजी अक्षरं ती शिकली माझ्या पाचवीच्या पुस्तकावरून, माझ्याबरोबर, आणि माझ्याहून भराभर. शिलाईने तिचं मनगट दुखायचं, भाकरी थापवायची नाही. म्हणून मी आठवीत गेले तेव्हा आमची वाटणी ठरली: परात माझ्याकडे, पुस्तक तिच्याकडे. ती भिंतीला टेकून बसायची, पुस्तक गुडघ्यांवर उभं धरायची आणि एकेक वाचायची. मी भाकरी थापत तिच्या मागून म्हणायची.

"तुझे हात, माझे डोळे," ती म्हणायची. "फिटंफाट."

तिच्या वाचण्याची एक रीत होती. छापलेलं एकही अक्षर ती वाया जाऊ द्यायची नाही. ताटात अन्न टाकायचं नाही, कापडाची चिंधी फेकायची नाही, तसं. मी एकदा शाळेत ऐकून आले आणि तिला सांगितलं, की सुरीच्या इंग्रजी शब्दातलं पहिलं अक्षर म्हणायचं नसतं. तिला ते पटलं नाही.

"म्हणायचं न्हाई तर मग छापलं कशाला? उगाच कोण शाई घालवंल?"

"बाई सांगत होत्या."

"बाईंना घाई असंल. आपल्याला काय घाई हाय? म्हण नीट, क-नाइफ."

मी म्हटलं, क-नाइफ. याचा एक फायदा झाला, तो आजही सांगते. माझं स्पेलिंग कधी चुकलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, नोकरीच्या परीक्षेतही नाही. आईच्या उच्चारात शब्दाची सगळी हाडं मोजता यायची.

राजधान्या हा तिचा आवडता भाग. ती त्यांना बायका समजायची. एकीचं नाव लांबलचक, एकीचं दोन अक्षरांत संपलेलं, एक कुठल्या तरी बेटावर एकटी पडलेली. बुर्किना फासोची राजधानी ती 'ओउआगाडोउगोउ' अशी वाचायची तेव्हा पप्पा जेवता जेवता विचारायचे, "काय गं, मालगाडी निघाली का?" आणि आई त्यांच्या ताटात भाकरी वाढत म्हणायची, "तुम्ही एकदा म्हणून दाखवा की मग." पप्पा म्हणून दाखवायचे नाहीत. ते दोन घास जास्त खायचे.

मी दहावीच्या आसपास होते तेव्हा जगातले एक-दोन मोठे देश मोडले आणि त्यांचे बरेच छोटे झाले. आईने ते मनावर घेतलं. "एवढं पाठ केलं आन् देशच मोडला! आधी सांगता येत न्हाई ह्यांना?" पप्पा कारखान्याच्या कँटीनमधून जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं आणायचे. त्यातल्या नव्या देशांच्या चौकटी आईने कापल्या आणि साहेबाच्या पुस्तकात भाताच्या शितांनी चिकटवल्या. त्यातलीच स्लोव्हेनिया. तिच्या राजधानीचं नाव आईने तीन-चारदा डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मग सावकाश म्हणाली, "ल-जु-ब-ल-जा-ना." आणि हसली. "ही तर लाजूबाई." दोन भाकऱ्या होईपर्यंत तिने त्यावर जोडूनही टाकलं:

स्लोव्हेनियाला सून आली, नाव तिचं लजुबलजाना,
दारात येऊन उभी राहिली, घरात काही येईना.

अशी तिची बरीच गाणी होती. मला आजही कोणतीही राजधानी आठवायची असली तर आधी पीठ आणि तव्याचा वास येतो, मग तिचा आवाज, मग शहर.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. आईची पाली वंदना बिनचूक होती. रविवारी विहारात ती पुढच्या रांगेत बसायची, आणि नवीन लग्न होऊन आलेल्या मुलींना बौद्धाचार्य सांगायचे, "ताईंच्या मागून म्हणा." पाली ती कानाने शिकली होती. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून, आणि चुकलं की तिथल्या तिथे कुणीतरी थांबवायचं. इंग्रजी ती डोळ्यांनी शिकली. तिथे थांबवायला घरात कुणी नव्हतं.

शाळेत याची काही अडचण झाली नाही. आमची शाळा मराठी माध्यमाची. स्पर्धेचं नाव प्रश्नमंजुषा. बाई प्रश्न वाचायच्या आणि आम्ही उत्तर चिठ्ठीवर लिहून वर धरायचं. मी आठवी, नववी, दहावी तिन्ही वर्षं पहिली आले. बक्षिसात स्टीलचे डबे मिळाले. एकात हळद, एकात तिखट, एकात आई बटणं ठेवायची. अकरावीला शहरातल्या कॉलेजात गेले आणि प्रश्नमंजुषेची क्विझ झाली. संघाची निवडही लेखी होती. यादी लागली तेव्हा माझं नाव वर होतं आणि माझ्याखाली अनघाचं.

अनघा शनिवार पेठेतली. इंग्रजी शाळेत शिकलेली, उंच, बोलायला तडतडीत. तिच्या घरी आम्ही सरावाला बसायचो. पहिल्या दिवशी दार तिच्या वडिलांनी उघडलं. ते निवृत्त शिक्षक होते आणि कॉलेजच्या मुलींनाही 'आपण' म्हणायचे.

"आपण कोण?"

"मी सुजाता. अनघाबरोबर क्विझला..."

"खडकीहून आलात?"

"हो. लोकलने."

"म्हणजे वेळेवर आलात. आमची कन्या इथून चालत दहा मिनिटांवरच्या कॉलेजात रोज उशिरा जाते. बसा. पंखा लावायचा असेल तर बटण दारामागे आहे, मागून मिळणार नाही."

मी बसले. काकूंनी पोहे आणले, वर ओलं खोबरं. काकांनी मला कारखान्याबद्दल विचारलं, वडील कोणत्या विभागात, आई काय करतात. आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि पंखा त्यांनी स्वतःच लावला. त्या 'हं'चा अर्थ मी बरीच वर्षं लावत होते, आता लावत नाही. त्या घरात मला कधी कुणी वावगं बोललं नाही, आणि पोहे नेहमी गरम असायचे.

आमची कामाची पद्धत पहिल्याच महिन्यात ठरली. उत्तर मला आधी यायचं. अनघाला बोलता आधी यायचं. मी टेबलाखाली चिठ्ठीवर लिहायची, तिच्याकडे सरकवायची, ती माईकवर म्हणायची. कर्णधाराचं उत्तर तेच संघाचं उत्तर, असा नियमच होता, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. मी शब्द लिहून सरकवला की माझं काम संपायचं. ती तो कसा उच्चारते इकडे माझं लक्ष नसायचं. मी तोवर पुढच्या प्रश्नाच्या तयारीत. काका एकदा एका फेरीला आले होते. परत जाताना म्हणाले, "ह्या दोघी म्हणजे सरकारी कार्यालय. तोंडी काही होत नाही, सगळं लेखी." अनघा हसली. मीही हसले. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शहरातल्या बहुतेक स्पर्धा आम्ही जिंकलो होतो.

अंतिम फेरी जिंकणारा संघ दिल्लीला देशपातळीवर जाणार होता. मी पुण्याबाहेर गेले होते ते आईच्या माहेरी आणि नागपूरला, एवढंच. आईने शेजारच्या मावशींकडून सुटकेस आणून ठेवली होती, खाटेखाली. पप्पांनी स्वेटरचं बघू म्हटलं होतं. शुक्रवारी आई म्हणाली, "उद्या मी येते."

"तू काय करणार तिथे? सगळं इंग्रजीत असतं."

"तुझ्यासाठी न्हाई येत. मी वाचलेलं कुठवर जातं ते बघायचंय मला."

तिने साडीला इस्त्री केली, तांब्यात निखारे घालून. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडी मटकी. स्टेशनवर ती माझ्यापुढे चालत होती.

सकाळी मंचामागे संयोजकांनी सगळ्या संघांना बोलावून नियम सांगितले. शेवटची फेरी बझरची. या वर्षी बदल एवढाच की बझर जो दाबेल त्यानेच बोलायचं. चर्चा नाही, कागद नाही. आक्षेप घ्यायचा तर फक्त कर्णधाराने, आणि पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत. एकदा पुढचा प्रश्न सुरू झाला की मागचं काही ऐकलं जाणार नाही. अनघा म्हणाली, "चला, म्हणजे जिला येईल तिने दाबायचं." मी हो म्हटलं. मला त्यात अडचण दिसली नाही. नियम मला नेहमीच आवडत आलेत.

बझरच्या फेरीआधी आम्ही पुढे होतो, थोडेच. खालोखाल इंजिनिअरिंगच्या दोन मुलांचा संघ. बझरचे पहिले काही प्रश्न इकडे तिकडे गेले. अनघाने दोन घेतले. मग सरांनी विचारलं, युरोपातली अशी कोणती राजधानी आहे जिचं चिन्ह ड्रॅगन आहे आणि जिच्या एका पुलावर ड्रॅगनचे पुतळे आहेत. प्रश्न इंग्रजीत होता, तो संपायच्या आत माझं बोट दाबलं गेलं. वर्तमानपत्राच्या चौकटीतलं पुलाचं ते चित्र मला दिसत होतं, शितांनी चिकटवलेलं, एक कोपरा सुटलेला.

"येस?"

माईक अनघासमोर होता. तिने तो माझ्याकडे वळवला.

"लजुबलजाना," मी म्हणाले. स्वच्छ, सगळी अक्षरं, एकही न टाकता.

 मग पाचव्या रांगेतून टाळ्या आल्या. दोनच हातांच्या. आईला प्रश्न कळला नव्हता. उत्तर कळलं होतं. तिने ते वाचलं होतं, मी ते म्हटलं होतं, इतक्या लोकांत, माईकवर. ती मान ताठ करून टाळ्या वाजवत होती आणि शेजारच्या मुलीकडे बघत होती, की तू पण वाजव.

सरांनी विचारलं, "सॉरी?"

मी परत म्हटलं. या वेळी मागच्या बाजूने हसू आलं. दुष्ट नव्हतं ते. मजेशीर काही ऐकल्यावर मुलं हसतात तसंच. त्यात कुणीतरी तो शब्द परत म्हणून बघितला, मग आणखी हसू.

"नो," सर म्हणाले. "पासिंग ऑन."

इंजिनिअरिंगच्या मुलाने माईक ओढला आणि म्हणाला, "ल्युब्लियाना."

"करेक्ट."

टाळ्या झाल्या, या वेळी सगळ्या सभागृहाच्या. त्यात आईच्या होत्या का ते बघायला मी वर पाहिलं नाही. मी तो शब्द मनात लिहून बघत होते. 'ल्युब्लियाना' कसं लिहितात? आणि लिहिता लिहिता मला दिसलं की तेच शहर आहे. अक्षरं तीच. मी बरोबर होते. मी अनघाकडे वळले. ती माझ्याकडे बघत होती, भुवया जवळ आलेल्या. मला वाटलं ती हात वर करेल. मी जवळजवळ चार वर्षं तिला चिठ्ठ्या लिहीत होते, माझं स्पेलिंग तिला माझ्या चेहऱ्याइतकं माहीत होतं. मला म्हणायचं होतं, तेच आहे ते, आक्षेप घे. पण तोंड उघडलं आणि पुढचा कोणता शब्द कसा बाहेर येईल ते मला कळेना. सर म्हणाले, "नेक्स्ट क्वेश्चन." नियमाप्रमाणे मागचं संपलं.

पुढच्या प्रश्नाचं उत्तर कंबोडियाची राजधानी होतं. मला येत होतं. आईच्या गाण्यात ती 'फनोम पेन्ह', दोन वेण्या घातलेली. बोट बझरवर होतं. पण आता पहिलं अक्षर म्हणायचं की नाही? शेवटचं? एका बाजूने आईचा आवाज येत होता, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. दुसऱ्या संघाने दाबलं. त्यानंतरचा प्रश्न, मुळा-मुठेचं पाणी पुढे कोणत्या नदीला मिळतं. पुण्यातल्या पोराटोरांना येईल असा. भीमा. भीमा कुणीही कशीही म्हटली तरी भीमाच. माझं बोट तिथेच होतं, बझरवर टेकलेलं, आणि ते खाली गेलं नाही. मला भीती वाटत होती असं नाही. दुसऱ्या कुणाचा हात टेबलावर ठेवलेला असावा, तसा तो दिसत होता. अनघानेही दाबलं नाही. तिला सवय होती, सोपं असलं की मी घेते.

आम्ही दुसरे आलो. प्रमाणपत्रं घेतली, फोटो झाला. जिन्यात अनघाने माझा दंड धरला.

"अगं, मला खरंच कळलं नाही तू काय म्हणालीस. शपथ. तू लिहून दिलं असतंस तर मी..."

"कागद चालत नव्हता."

"हो ना. असला कसला नियम." मग थोड्या वेळाने, "पण तू असं का म्हणालीस? नेहमी असंच म्हणतेस?"

"मी म्हणतच नाही ना कधी," मी म्हटलं.

 मग काका तिला न्यायला खाली आले आहेत असं कुणीतरी सांगितलं आणि ती गेली. अनघा आता परदेशात असते. सणावाराला तिचा निरोप येतो, मी उत्तर देते. तिला त्या वेळी कळलं होतं का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि ते खरंही असेल.

आई बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर बसली होती. डबा उघडला होता. मी शेजारी बसले. तिने भाकरीचा अर्धा भाग माझ्या हातात दिला. शेजारून मुलं जात होती. एकाने दुसऱ्याला हाक मारली, "ए लजुबल!" आणि दोघं हसत पुढे गेले. त्यांना आम्ही दिसलोही नसू. आईने चटणीत तेल कमी पडलंय असं काहीतरी म्हटलं. मी खात होते. भाकरी मऊ होती, सकाळी मीच केलेली.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "त्या पोरानं तेच गाव सांगितलं ना?"

"हो."

"आपलंच?"

"हो."

"मग तुला चूक आन् त्याला बराबर?"

"उच्चार वेगळा असतो, आई."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मग खरं कसं म्हणायचं असतं ते?"

माझ्या तोंडात तो शब्द होता. नुकताच ऐकलेला, ताजा. पण तो एक सांगितला की ती पुढचा विचारणार, हे मला दिसत होतं. मग त्यापुढचा. सगळ्या बायका एकेक करून, आणि प्रत्येकीला मी सांगायचं की तुझं नाव हे नव्हतंच. आणि त्यातल्या निम्म्यांची खरी नावं तर मलाही माहीत नव्हती.

"घरी गेल्यावर सांगते," मी म्हटलं.

घरी गेलो. सुटकेस मावशींकडे परत गेली. पप्पा पाळीवरून आले, त्यांनी विचारलं, "काय झालं?" आई म्हणाली, "दुसरा नंबर." ते म्हणाले, "दुसरा म्हणजे काय कमी आहे का? आपल्या लायनीत दुसरा कुणाचा आलाय?" आणि हातपाय धुवायला गेले. सोमवारी संध्याकाळी मी परातीत पीठ घेतलं आणि आईची वाट बघितली. ती मशीनवर होती. एक ब्लाउज संपला, तिने दुसरा घेतला.

"पुस्तक?" मी विचारलं.

"तूच वाच आता. तुला कॉलेजात नीट शिकवत्यात." मशीन सुरू करता करता म्हणाली. रागाने नाही. भाजी संपली, उद्या आण, हे ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात.

मी वाट बघितली. मंगळवारी, बुधवारी. मग पीठ माझ्या हाताला तसंच सवयीचं झालं, कुणी न वाचता. साहेबाचं पुस्तक फळीवर हळदीच्या डब्यामागे गेलं. आईने त्यानंतर इंग्रजी वाचलं नाही. दुकानाच्या पाट्याही नाही. बसवरचं इंग्रजी नाव समोर असलं तरी ती शेजाऱ्याला विचारायची, ही कात्रजला जाते का.

त्या उन्हाळ्यात मी कॉलेजच्या ग्रंथालयात उच्चारांचा मोठा कोश घेऊन बसले. सगळ्या राजधान्या, क्रमाने. मग नद्या, मग शास्त्रातल्या संज्ञा. माझे उच्चार नीट झाले. बझर मात्र मी परत दाबला नाही. एम.ए.ला असताना विद्यापीठाच्या संघासाठी लेखी फेऱ्या मी द्यायची आणि मंचावर दुसरी एक मुलगी बसायची. ती चांगली खेळायची. ते दिल्लीला गेले तेव्हा मी त्यांना रेल्वेच्या वेळा आणि राहण्याची व्यवस्था काढून दिली. तिथेच कुणाच्या तरी लक्षात आलं की हिला व्यवस्था लावता येते, आणि पुढची नोकरी त्यातूनच मिळाली. परीक्षा विभागात प्रश्न दुसरे काढतात, उत्तरं तिसरे देतात. आम्ही फक्त सगळं वेळेवर होईल एवढं बघतो. मला ते जमतं.

पप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे असते, कात्रजला. गेल्या पंधरवड्यात तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी तोवर वाचायचं नाही असं सांगितलंय. म्हणून सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी तिला मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवते. आधी निधन वार्ता, मग पाणीकपात, मग शहर, शेवटी जग. ती डोळ्यांवर काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसते आणि मध्ये मध्ये "हं" म्हणते.

काल जगाच्या पानावर युरोपातल्या पुराची बातमी होती. दुसऱ्या परिच्छेदात ते शहर होतं, मराठीत, नीट छापलेलं. एका श्वासात म्हणून पुढे जाता आलं असतं. मी ओळ सोडली आणि खालची वाचली.

"मधलं काय राहिलं?" आई म्हणाली. "जोडलं न्हाई ते."

"काही नाही. छपाईची चूक आहे."

"मग असंल तसं वाच."

मी घड्याळ बघितलं, म्हटलं उशीर होतोय, आणि पेपर घडी करून टीव्हीवर ठेवला. संध्याकाळी ती परत विचारेल असं वाटलं होतं. विचारलं नाही. रद्दीवाला रविवारी येतो. तोवर तो अंक तिथेच आहे, आणि ती ओळ वाचायची आहे.